दीड विटेची भिंत

पलंग वीतभर लांब निघाला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

धाकट्याने तो शहरातून आणवला होता. उशाकडे भलामोठा आरसा, आरशाच्या कडेने लाकडी वेलबुट्टी, आणि वर गाडीच्या दिव्याएवढाले दोन दिवे. टेम्पोतून उतरवताना एका हमालाचं बोट चेंगरलं, उंबऱ्याचा टवका उडाला, आणि एवढं करून खोलीत नेला तर पायथा दारात आला. दार लागेना. आडवा टाकून पाहिला, तर कपाटाला जागा उरेना. शेवटी धाकटा घामाघूम होऊन त्याच पलंगावर बसला आणि टाचेने भिंतीला ढोसत म्हणाला, "पलंग लांब नाही. भिंत जाडी आहे."

थोरली पलीकडे आपल्या दारात धान्य पाखडत बसली होती. दिराचं बोलणं ऐकून ती सुपाआड हसली. हा माणूस खरोखर भिंत बारीक करायला निघेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

घर एकच, पण राहणारे दोन. म्हाताऱ्याने उमेदीत बांधलेलं. मधली भिंत दीड विटेची, म्हणजे एक वीट लांबीची आणि तिला लागून एक रुंदीची, अशी हातभर जाड. तिच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. वर माळा. माळ्याखाली लोखंडी गर्डर, या टोकाच्या भिंतीपासून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत, मधल्या भिंतीवर टेकलेले. वर्षाचं धान्य त्याच माळ्यावर रचलेलं, थोरल्याची पोती थोरल्याच्या डोक्यावर आणि धाकट्याची धाकट्याच्या.

वाटणीच्या वेळी भावांनी चमच्यापर्यंत सगळं वाटून घेतलं होतं. भिंतीवर येऊन अडलं. तेव्हा म्हाताऱ्याने खाटेवरून निकाल दिला, "त्यात काय एवढं! भिंत अर्धी याची, अर्धी त्याची." लगेच थोरला दोरी घेऊन आला. ओसरीकडे भिंतीचं जे उघडं टोक होतं, त्यावर मधोमध रेघ मारली. रेघेच्या अलीकडे थोरल्याने हिरवा रंग दिला, पलीकडे धाकट्याने गुलाबी. येणारा-जाणारा ते पाहून तोंड दाबून हसायचा. या दोघांना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट रंग उडाला की दोघेही आपापला हात मारून घेत.

पलंग आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी हजर झाला. त्याला सगळे होयबा म्हणत. मालक म्हणाला खिडकी जमिनीत बसव, तर हा विचारणार, किती खोल? भिंतीवर तंबाखूची पिंक टाकून त्याने तीच खूण धरली आणि छिन्नी लावली.

"किती काढू?"

"माझी अर्धी," धाकटा म्हणाला. "पलंगाचं उशाकडचं टोक आत जाईल एवढा खण कर. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पुरुषभर उंच."

"होय," होयबा म्हणाला.

त्या दिवसापासून थोरलीच्या घरात विटेचा भुगा पडू लागला. पाण्यावर तांबूस साय, पिठात खडे, ताटात धूळ. एकेका घावाने मांडणीवरची भांडी नाचायची. तिने पाण्याचं पिंप तीनदा पालथं केलं, चौथ्यांदा हात टेकले आणि तेच गाळून प्यायला दिलं. भिंतीला लागून म्हाताऱ्याची खाट होती. भिंत गार लागते म्हणून त्याने ती जागा धरून ठेवलेली. खाटेखाली त्याचा थुंकायचा डबा. तो डबा रोज सकाळी थोरलीच रिकामा करायची, श्वास रोखून, मान फिरवून. आता त्या डब्यावरही विटेची भुकटी बसून एक लाल खरवड धरायची. ती तिला नखांनी खरवडून काढावी लागे.

या घरात सगळेच थुंकत. म्हातारा डब्यात, नवरा अंगणात, दीर खिडकीतून, आणि आता हा होयबा भिंतीवर. लग्न होऊन आल्यापासून थोरली ती थुंकी धूत आली होती. तिला स्वतःला कोणी कधी थुंकताना पाहिलं नव्हतं. तोंडात माशी गेली तरी ती मोरीपर्यंत पळत जायची.

"अहो, तुम्ही बोला ना भावजींशी," ती नवऱ्याला म्हणाली. "वर पोती आहेत. हे खालून पोखरतायत."

नवरा जेवता जेवता थांबला. तिला पोत्यांची काळजी, रेघेची नाही, म्हणून तो जरा वैतागला. "पोखरू दे. त्याची अर्धी तो पोखरतोय. पण रेघ ओलांडली का, ते बघितलंस का तू?"

"रेघ?"

"रेघ! मधली!"

हात न धुताच तो उठला, दोरी आणि खिळा घेऊन पलीकडे गेला, आणि भावाच्या घरात गुडघ्यांवर बसून भिंतीचा खण मोजू लागला. एका ठिकाणी छिन्नी बोटभर पुढे गेलेली सापडली. मग जो काही तमाशा झाला! दोघांनी एकमेकांच्या बालपणापासूनच्या चोऱ्या काढल्या. होयबा मध्ये उकिडवा बसून दोघांनाही होय म्हणत होता. म्हातारा खाटेवर उठून बसला होता आणि त्याचे डोळे चकाकत होते. मुलं भांडायला लागली की त्याला जेवण जास्त जायचं. थोरलीने हे कितीदा पाहिलं होतं, आणि दरवेळी तिला त्याच्यापुढे ताट ठेवताना किळस यायची.

"बोटभर तुझी गेली ना?" थोरला परतल्यावर म्हातारा त्याला म्हणाला. "मग तू तुझ्या बाजूने काय हवं ते कर. तुला कोण अडवतंय?"

म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, थोरल्याने ते मनावर घेतलंच. दुसऱ्या दिवशी तोच होयबा, तीच छिन्नी, पण या बाजूने. डबे ठेवायला भिंतीत फडताळ करायचं ठरलं. डबे कुठे ठेवायचे याची थोरलीला कधी अडचण नव्हती.

"मला नको ते फडताळ," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी कोण करतंय?" नवरा म्हणाला.

"मध्ये किती उरेल?" तिने होयबाला विचारलं.

"उरेल की वहिनी! अर्धी वीट तर उरेलच." त्याने दात दाखवले. दातांवर तंबाखूचं किटण होतं. "भिंत काय, उभी राहायला अर्धी वीट पुरते."

दोन दिवसांनी एका सांध्यातला चुना निखळला आणि भिंतीला आरपार फट पडली. थोरली फडताळातली माती पुसत होती. फटीतून तिला एक डोळा दिसला. धाकटी जाऊ होती. वाटणी झाल्यापासून दोघींना एकमेकींशी बोलायची बंदी. विहिरीवरही पाठ करून उभं राहावं लागे.

"ताई," फटीतून आवाज आला, "आमचं मागचं दार अडकायला लागलंय. काल खांद्याने रेटून उघडलं."

"आमच्या खिडकीचंही तसंच आहे."

"वरून खडे पडतात. मी यांना सांगितलं तर म्हणतात, उंदीर आहेत."

"उंदीर असते तर बरं होतं," थोरली म्हणाली. आणि भीतीपेक्षाही आधी तिला संताप आला. या दोन धटिंगणांना कळत नाही ते दोघींना चिंधीएवढ्या फटीतून कुजबुजत बोलावं लागत होतं.

तिने आपल्या दादाला निरोप धाडला. तो नदीवरच्या पुलाच्या कामावर देखरेखीला होता. संध्याकाळी तो आला, पायातला चिखल झाडत दारात उभा राहिला, आणि फडताळ पाहून आत यायचाच थांबला. मग पलीकडे जाऊन पाहिलं. मग बाहेर ओसरीवर येऊन हिरव्या-गुलाबी टोकाकडे बघत बसला.

"हे कुणी सांगितलं?" शेवटी त्याने विचारलं.

दोन्ही भाऊ दोन बाजूंना उभे होते. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

दादाने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. तिच्यातल्या काड्यांची एक जुडी काढून फरशीवर उभी धरली आणि वरून तळव्याने दाबली. जुडी हलली नाही. मग एकच काडी उभी धरून दाबली. काडी धनुष्यासारखी वाकली.

"भिंत बारीक केली की अशी वाकते," तो म्हणाला. "ती आधी चुरत नाही, आधी फुगते, मग बसते. जाडी अर्धी झाली म्हणून बळ अर्धं राहिलं असं समजू नका. त्याहून फार कमी राहतं. आणि गर्डर टेकलाय भिंतीच्या मध्यावर. खालचं एकीकडून काढलंत, की ओझं मध्यावरून काठावर आलं. दुसरीकडून काढलंत, की त्याला धरायलाच काही राहिलं नाही." त्याने खणात हात घातला. "ही वीट बघा. ही आडवी घातलीय, अर्धी या अंगाला आणि अर्धी त्या अंगाला. अशा विटांनीच दोन्ही अंगं एकमेकांत बांधलेली असतात. होयबाने त्या मधोमध तोडल्यात. आता ही भिंत नाही. नुसता पापुद्रा आहे."

"माझी अर्धी मी..." धाकटा सुरू झाला.

"अहो, अर्धी कुणाची?" दादाचा आवाज चढला. "गर्डर एक आहे! वरचं धान्य फळीवर, फळी गर्डरवर, गर्डर या भिंतीवर, भिंत पायावर. ओझ्याला जमिनीपर्यंत उतरायला वाट लागते. ती वाट तुम्ही दोघांनी मिळून खणून काढलीत. तुमच्या दोघांची पोती त्या एकाच लोखंडावर आहेत. पडलं तर ते रंग बघून पडणार नाही."

थोरला म्हणाला, "पाहुणे, तुमचं सगळं पटलं. पण सुरुवात त्याने केली."

थोरलीला नवऱ्याचं तोंड बघवेना. तिने मान खाली घातली. आपल्या माहेरच्या माणसासमोर आपला नवरा असा उघडा पडावा, ही लाज तिला जिव्हारी लागली.

दादाने काय करायचं ते एकदा थोरल्याला आणि मग परत धाकट्याला सांगितलं. आधी माळा रिकामा करा. दोन्ही बाजूंनी गर्डरला टेकू द्या. ठोकाठोक बंद. मग दोन्ही खण चांगल्या विटांनी, जुन्या विटांत नव्या अडकवत, दात धरून भरून घ्या, आणि चुना पुरता वाळेपर्यंत टेकूंना हात लावू नका. टेकूंची लाकडं त्याने स्वतः पुलावरून आणली, दोन गडी आणून स्वतः ठोकून बसवली, खाली जाड फळ्या घातल्या आणि निघताना थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या सासऱ्याची खाट तिथून हलव. आणि पोती उतरव, कुणाची का असेनात."

खाट हलेना. म्हातारा म्हणाला, "मी अलीकडे सरकलो तर थोरल्याचा झालो, पलीकडे सरकलो तर धाकट्याचा. मी मधेच बरा." आणि खाकरून डब्यात थुंकला.

पोत्यांचं त्याहून वाईट झालं. थोरला म्हणाला, आधी त्याची उतरू दे. धाकटा म्हणाला, आधी त्याची. दोघांचं म्हणणं एकच, मी आधी उतरवली तर माझ्या रिकाम्या माळ्यावर त्याचा डोळा जाईल. शेवटी दोघी जावांनीच पदर खोचले. बंदी-बिंदी कुणाला आठवायला वेळ नव्हता. एकीने वरून लोटायचं, दुसरीने शिडीवर पाठ द्यायची. पोत्याच्या तागाने मानेची सालटं निघाली. घामावर कोंडा चिकटला आणि अंगभर खाज सुटली. खाली दोघे भाऊ ओसरीवर आपापल्या रंगापाशी बसून बघत होते. एकदाही कुणी हात पुढे केला नाही. मात्र थोरलीने दिराचं पोतं आपल्या अंगणात टेकवलं तेव्हा नवरा ताडकन उठला.

"ते इथे नको! त्याचं त्याच्या अंगणात."

ती ते पोतं पाठीवर घेऊन अंगण ओलांडून गेली. तोंडातून शब्द काढला असता तर शिवीच बाहेर पडली असती.

माळा निम्मा रिकामा झाला आणि अंधार पडला. दुसऱ्या दिवशी दोघींना रानात खुरपणीला जावं लागलं. उरलेलं दुपारी परतल्यावर उतरवू, असं ठरलं.

दुपारी थोरली बांधावरून उतरली आणि तिला आपल्या अंगणात काहीतरी नवीन दिसलं. दोन उभी लाकडं, मध्ये दोरी, दोरीवर नवऱ्याचा धुतलेला सदरा. जवळ जाईपर्यंत तिला ओळख पटली नाही. ते दादाचे टेकू होते.

"हे इथे कसे?"

नवरा सावलीत पान चघळत होता. "त्याने सकाळी त्याचे काढले. पलंगाच्या आड येतात म्हणाला. मग मी का ठेवू? माझ्या घरात टेकू लावून त्याचं घर मी का सावरून धरायचं?"

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाचं उष्टं काढलं, कपडे धुतले, ज्याच्या कुशीत झोपले, तो हा असा. आत काही पोकळी बिकळी नव्हती. खचाखच हेच भरलेलं होतं. तिच्या घशात कडू पाणी आलं.

"टेकू आत घ्या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"तो घेईल तेव्हा मी घेईन."

पलीकडून हमालांचा आवाज येत होता. "हां, उचल! अजून! रेटा मालक, रेटा!" पाठोपाठ भिंतीवर धप्पकन एक ठोसा बसला. थोरली धावत आत गेली. फडताळातले डबे एकमेकांवर आपटले. पुन्हा ठोसा. आणि मग धाकट्याची आनंदाची आरोळी, "बसला! बसला! अगदी मापात बसला!"

त्यानंतर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत थोरलीने ऐकलं की वरून वाळू गळते आहे. सुपातून धान्य ओघळावं तशी, बारीक, सलग. तिने भिंतीकडे पाहिलं. फडताळाच्या वर भिंतीला पोट सुटलं होतं. ते सकाळी नव्हतं.

"मामंजी, उठा!"

"का?"

"उठा म्हणते ना! भिंत येतेय!"

"मी मधेच..."

पुढचं तिने ऐकलं नाही. तिने खाटेचा पायथा धरला आणि ओढली. खाटेखालचा डबा कलंडला आणि त्यातलं सगळं तिच्या पावलांवर आलं, गार, चिकट. पाय घसरला. म्हातारा वरून तिच्या बापाचा उद्धार करत होता आणि तिच्या हातावर काठी मारत होता. नवरा आत आला, आणि तिला वाटलं, आला बाई एकदाचा. तो तिच्या अंगावरून फडताळाकडे गेला आणि डबे काढू लागला.

"खाट धरा हो!"

"आधी डबे..."

तेवढ्यात दारातून धाकटी जाऊ घुसली. तिने आपल्या नवऱ्याला आरशासमोर भांग पाडत सोडून दिलं होतं. तिने उशाकडची बाजू उचलली, थोरलीने पायथा, आणि दोघींनी ती खाट म्हाताऱ्यासकट, काठीसकट, शिव्यांसकट उंबऱ्याबाहेर फेकल्यासारखी काढली. पाठोपाठ नवरा कडेवर डबे घेऊन उडी मारून बाहेर पडला. पलीकडच्या दारातून हमाल आणि त्यांच्या पाठी दीर, हातात कंगवा.

भिंत मोठा आवाज करून पडली नाही. ती आधी बसली, एखादा थकलेला माणूस गुडघे मोडून बसावा तशी. मग गर्डर मध्ये वाकले, फळ्या सुटल्या, आणि उरलेली पोती एकामागून एक खाली आली. शेवटी आरसा फुटल्याचा आवाज आला. तो ऐकून थोरला हसला. स्वतःच्या डोक्यावरचा माळा खाली आला होता, चूल गाडली गेली होती, वर्षाचं निम्मं धान्य मातीत मिसळलं होतं, आणि हा माणूस भावाचा आरसा फुटला म्हणून डबे पोटाशी धरून हसत होता.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. शेजारचे गोळा झाले, हळहळले, पाणी देऊन गेले. दोघी जावा अंगणात एकमेकींच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. थोरलीच्या पावलांवरची घाण वाळून ताणली जात होती. ती धुवायला उठायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिला वाटत होतं, आता तरी हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतील. निदान बापाजवळ जाऊन त्याला लागलं का विचारतील. निदान बायकांना.

म्हातारा खाटेवर उठून बसला. त्याने डोळ्यांवर हात धरून ढिगाऱ्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि म्हणाला, "विटा वेगळ्या करा रे. पुन्हा भांडण नको."

आणि ते दोघे उठले. खरंच उठले. ढिगाऱ्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसले आणि एकेक वीट उचलून बघू लागले. हिरवा रंग दिसला की या बाजूला, गुलाबी दिसला की त्या बाजूला. रंग नसलेल्या विटांवर वाद, अर्धवट तुटलेल्यांवर मोठा वाद. आडव्या घातलेल्या, मधोमध छिन्नीने तोडलेल्या विटांचे तुकडे ते एकमेकांना जुळवून बघत होते, म्हणजे कुणाचा किती ते कळावं. होयबा कुठून तरी उगवला होता आणि दोघांनाही होय म्हणत होता.

"थोरले," म्हातारा म्हणाला, "माझा डबा कुठाय?"

थोरली उठली. सगळ्यांना वाटलं ती डबा आणायला निघाली. ती ढिगाऱ्यापाशी गेली. नवऱ्याने रचलेल्या हिरव्या विटांच्या चळतीसमोर उभी राहिली. तिच्या तोंडात सकाळपासूनची माती होती, चुना होता, आणि घशाशी आलेलं ते कडू पाणी. इतक्या वर्षांत तिने जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. सासऱ्यासमोर, दिरासमोर, परक्या माणसांसमोर, ताठ उभी राहून, तोंड भरून ती थुंकली.

नवऱ्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती.

"अगं, बघून थुंक की," तो म्हणाला. "ती आपली वीट आहे."